पिल्लाला घरचे वळण

श्रोतेहो, कुत्रा हा प्राणी आपल्या परंपरेला परका नाही. स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाची सोबत करणारा कुत्राच होता. दत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान असतात आणि जेजुरीच्या खंडेरायाच्या चित्रांतही घोड्याबरोबर कुत्रा धावताना दिसतो. परंतु एवढा मान असूनही आपल्या घरांत त्याची जागा ठरलेली होती. वाड्यात तो देवडीवर बसे, शेतावर खळ्याची राखण करी, आणि खेडेगावच्या घरात अंगणाच्या कडेला त्याची भाकरी पडे. उंबरठ्याच्या आत तो येत नसे. त्यामुळे त्याने मलमूत्रविसर्जन कोठे करावे, हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना कधी पडलाच नाही.

आज तो पडतो, याचे कारण दुहेरी आहे. कुत्रा उंबरठा ओलांडून घरात आला, आणि घर जमीन सोडून सातव्या, दहाव्या, पंधराव्या मजल्यावर गेले. दिल्लीच्या दक्षिणेस असलेले फरीदाबाद या बदलाचे चांगले उदाहरण आहे. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ साली हे गाव वसविले, असे इतिहास सांगतो. फाळणीनंतर, १९४९ च्या सुमारास, वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी येथे नवी औद्योगिक वसाहत उभारण्यात आली. लोक आजही तिला 'एन.आय.टी.' या आद्याक्षरांनीच ओळखतात. ती घरे लहान, परंतु जमिनीवरची होती. आता आग्रा कालव्याच्या पलीकडे, ज्याला तेथील लोक 'नहरपार' म्हणतात त्या भागात, उंच इमारतींची दाटी झाली आहे. नोकरीच्या निमित्ताने दिल्लीच्या आसपास जाऊन राहिलेली मराठी कुटुंबेही अशाच सदनिकांत संसार करतात, आणि त्यांच्या मुलांच्या हट्टापायी पग, शिह्-त्झू, पॉमेरेनियन किंवा डॅक्सहुंड अशा छोट्या जातीचे एखादे पिल्लू घरात येते.

पहिले दोन दिवस कौतुकात जातात. तिसऱ्या दिवशी सतरंजीवर ओला डाग दिसतो, चौथ्या दिवशी सोफ्यामागे वास येऊ लागतो, आणि पंधरा दिवसांनी घरातील कोणीतरी म्हणते, "हे आपल्याच्याने होणार नाही; देऊन टाका कोणाला तरी." श्रोतेहो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पाळलेला कुत्रा सोडून देण्यामागे जी कारणे लोक सांगतात, त्यांत 'घरात घाण करतो' हे नेहमीचे कारण आहे. रस्त्यावर जन्मलेला कुत्रा रस्त्याचे कायदे जाणतो. गादीवर वाढलेला चार किलो वजनाचा पग मात्र उन्हाळ्यातील फरीदाबादच्या रस्त्यावर फार दिवस जगत नाही. म्हणून वळण लावण्याचा हा प्रश्न वरवर स्वच्छतेचा दिसत असला, तरी त्या जिवाचे घर टिकणार की जाणार, हे त्यावर ठरते.

या कामात निसर्गाने आपल्याला थोडी मदत करून ठेवली आहे. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून विसर्जनही करता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच ते होते, आणि ती जागा तीच स्वच्छ ठेवते. साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लू डळमळत्या पायांनी झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊ लागते व तेथे विधी उरकते. आपण झोपतो ती जागा घाण करू नये, ही जाण त्याला उपजत असते. आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास त्याच्या पायांना एका विशिष्ट पृष्ठभागाची सवय जडू लागते. जे पायांखाली असताना विधी झाला, तेच पुढे हवेसे वाटते: गवत असेल तर गवत, वर्तमानपत्र असेल तर वर्तमानपत्र, आणि दुर्दैवाने गालिचा असेल तर गालिचा. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही आयुष्याच्या तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ घडणीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा असल्याचे दाखविले आहे. आपल्याकडील २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आईजवळ राहून पिल्लू जे शिकते, ते आपण शिकवू शकत नाही, हे त्यामागील शहाणपण आहे. तेव्हा पिल्लू आणताना केवळ त्याचा रंग व कान न पाहता, त्याची आई कोठे राहते आणि त्यांची जागा स्वच्छ आहे की नाही, हेही पाहावे. कोंदट पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत वाढलेल्या पिल्लाची ती उपजत जाण बोथट झालेली असते.

मग छोट्या जातीच्या पिल्लांना वळण लागण्यास अधिक वेळ का लागतो? एक कारण शरीराचे आहे. मूत्राशय लहान, आणि शरीराच्या मानाने खाणेपिणे वारंवार. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्याहून एक तास अधिक ते धरू शकते, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. परंतु ही कमाल मर्यादा झाली, आणि तीही शांत झोपेत असताना. जागे असताना, खेळताना छोट्या जातीच्या पिल्लाला तासाभरातच जावे लागते. दुसरे कारण आपल्या स्वभावाचे आहे. मोठ्या कुत्र्याने दिवाणखान्यात केलेले तळे कोणी दुर्लक्षू शकत नाही. छोट्याची वाटीभर लघवी फडक्याने पुसून आपण मोकळे होतो. व्हिएन्नातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसून आले, की लहान कुत्र्यांचे धनी मोठ्या कुत्र्यांच्या धन्यांपेक्षा आपल्या वागण्यात कमी सातत्य ठेवतात. आज रागावणे, उद्या हसणे आणि परवा लक्षच न देणे, यातून पिल्लाला कोणताच अर्थ लागत नाही.

आता एका खऱ्या पेचाकडे वळू. बाहेर जाऊन विधी करण्याची सवय लवकर लागावी असे वाटते. परंतु पार्व्हो आणि डिस्टेंपर या प्राणघातक रोगांच्या लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडणे धोक्याचे असते. साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने या लसी देतात, आणि चार महिन्यांच्या सुमारास ही मालिका पुरी होते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर टोचतात. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरून राहतो. ज्या उद्यानात किंवा रस्त्याच्या कडेला अनेक कुत्री येतात-जातात, तेथील माती वास घेणाऱ्या पिल्लाला केव्हा बाधेल, हे सांगता येत नाही. म्हणून सदनिकेत राहणाऱ्याने पहिले दोन महिने घरातच, शक्यतो बाल्कनीत, एक जागा नेमून द्यावी. पिल्लाला बाहेरचे जग दाखविण्यास हरकत नाही. स्कूटरचा आवाज, लिफ्टचे दार, फाटकावरचा पहारेकरी, हे सारे त्याने लहानपणीच पाहावे. मात्र ते कडेवर बसून.

ही नेमलेली जागा कशी असावी? पुष्कळ लोक रद्दीचे कागद पसरतात. कागद स्वस्त व सोपा, पण त्यात एक अडचण आहे: कागदाची सवय लागलेल्या पिल्लाला रद्दी आणि सकाळी दारात पडलेला ताजा अंक यांतील फरक समजत नाही. पुढे त्याने गवतावर जावे अशी इच्छा असेल, तर बाल्कनीत उथळ ट्रेमध्ये खऱ्या हरळीचा छोटासा वाफा ठेवणे अधिक चांगले. कागदच वापरला, तर दर काही दिवसांनी तो हातभर दाराकडे सरकवावा, पसरलेल्या कागदांचे क्षेत्र हळूहळू कमी करावे, आणि बाहेर नेण्याची वेळ आली म्हणजे थोडासा ओला कागद बाहेर नेमलेल्या जागी ठेवावा. वासाची खूण ओळखून पिल्लू तेथे बसते. घरातील इतर पायपुसणी व सतरंज्या मात्र त्या दोन महिन्यांपुरत्या गुंडाळून ठेवाव्यात.

यानंतरचे सगळे काम घड्याळाचे आहे. पिल्लू झोपेतून उठले की ताबडतोब, खाल्ल्यानंतर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत, खेळ थांबल्यावर, पाहुण्यांच्या गडबडीनंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याला नेमलेल्या जागी न्यावे. जेवण पोटात गेले की आतड्यांची हालचाल आपोआप वाढते; त्यामुळे खाण्याची वेळ ठरली की शौचाची वेळही ठरते. म्हणूनच दिवसभर वाटी भरून ठेवू नये. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, ठरल्या वेळी, थोडे थोडे द्यावे. छोट्या जातीच्या पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवले, तर रक्तातील साखर उतरून ते गळून जाते. तेव्हा घर स्वच्छ राहावे म्हणून खाणे तोडणे हा घातक उपाय होय. पाण्याचेही तसेच. उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास पोचलेला असताना, पिल्लाचे पाणी बंद करणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

वेळापत्रक चुकले तरी पिल्लू स्वतः सूचना देते. चालू खेळ अर्धवट टाकून जमिनीचा वास घेणे, गोल गोल फिरणे, एकाएकी कोपऱ्याकडे निघणे, या त्या खुणा होत. अशा वेळी आरडाओरडा न करता त्याला उचलून जागेवर ठेवावे. तेथे एकच ठराविक शब्द उच्चारावा. आपल्या घरांत आजी मराठीत बोलते, कामाला येणाऱ्या बाई हिंदीत बोलतात आणि मुले इंग्रजीत आज्ञा सोडतात. बिचाऱ्या पिल्लाला तीन भाषांतील तीन शब्द ऐकावे लागतात. शब्द कोणताही असो, तो सर्वांनी मिळून ठरवावा आणि सर्वांनी तोच वापरावा. विधी पुरा होताच, त्याच जागी, एक-दोन क्षणांच्या आत कौतुक करावे आणि खाऊचा एखादा कण द्यावा. घरात परत आल्यावर दिलेला खाऊ हा परत येण्याचा खाऊ ठरतो, विधीचा नव्हे. पाव्हलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे प्रयोग आपण ऐकले असतील. घंटेसारखी एखादी खूण आणि अन्न एकमेकांस लागून आली, तरच कुत्र्याच्या मनात त्यांची गाठ बसते. मधले अंतर वाढले की ती सैल होते.

शिक्षेबाबतही हाच नियम लागू आहे. घाण दिसली की पिल्लाचे नाक त्यात घासायचे आणि पाठीत रट्टा घालायचा, ही रूढी अजून पुष्कळ घरांत चालू आहे. तासापूर्वी केलेल्या कृत्याचा आणि आता बसलेल्या माराचा संबंध पिल्लाला जुळविता येत नाही. "पण त्याला कळते, पाहा कसा अपराधी चेहरा करतो," असे पुष्कळजण म्हणतात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये चौदा कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात ही समजूत तपासून पाहिली. कुत्र्याने आज्ञा मोडली असो वा नसो, धनी रागावला की तो 'अपराधी' चेहरा दिसे. म्हणजे तो चेहरा पश्चात्तापाचा नसून आपल्या रागाला दिलेले उत्तर असतो. मार खाल्लेले पिल्लू एवढेच शिकते, की माणसाच्या देखत विधी करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली लपून करू लागते, आणि बाहेर नेले तरी आपल्यासमोर बसत नाही. प्रत्यक्ष करताना सापडले, तर टाळी वाजवून लक्ष वेधावे आणि उचलून जागेवर न्यावे. एवढी शिक्षा पुरे. काही पिल्ले आनंदाने किंवा भीतीने, कोणी समोर वाकले की जागच्या जागीच लघवी करतात; ती अवज्ञा नव्हे. अशा वेळी त्यांच्याकडे फारसे लक्ष न देता शांतपणे बाजूला बसावे. वय वाढले की ही खोड बहुधा आपोआप जाते.

पिल्लावर सतत नजर ठेवणे कोणालाच शक्य नसते. अशा वेळेसाठी दार असलेली छोटी पेटी किंवा पिंजरा उपयोगी पडतो. तो इतकाच मोठा असावा, की पिल्लाला उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय ताणून झोपता यावे. फार मोठा असेल तर ते एका कोपऱ्यात झोपून दुसरा कोपरा घाण करते. आत मऊ अंथरूण घालून, दार उघडे ठेवून, तेथेच खाऊ देऊन त्याची गोडी लावावी. परंतु पिंजरा म्हणजे तुरुंग नव्हे. सकाळी नवरा-बायको कामावर गेली आणि संध्याकाळी परतली, तोवर पिल्लू कोंडून ठेवले, तर त्याला नाइलाजाने स्वतःची झोपण्याची जागा घाण करावी लागते, आणि निसर्गाने दिलेली जाण आपल्याच हातांनी मोडते. ज्या घरात दिवसा कोणीच नसते, त्यांनी दुपारी येऊन पिल्लाला सोडणाऱ्या माणसाची सोय आधी करावी आणि मग पिल्लू आणावे. कुत्र्याला अकारण आखूड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे व त्याला फिरावयास न नेणे, हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

स्वच्छतेविषयी दोन शब्द. फिनेलने फरशी आपल्या नाकाला स्वच्छ वाटते. कुत्र्याच्या नाकाला मात्र त्याखालचा जुना वास कळतो, आणि तो त्या जागेला शौचकूप समजून पुन्हा तेथेच येतो. अमोनिया असलेल्या द्रावणाने तर हा घोटाळा वाढतो, कारण मूत्रालाही तोच वास असतो. मूत्रातील द्रव्यांचे विघटन करणारी, विकरे असलेली द्रावणे बाजारात मिळतात. ती वापरावीत, आणि कोणतेही रसायन वापरले तरी फरशी वाळेपर्यंत पिल्लाला दूर ठेवावे.

उत्तर भारतातील ऋतूंचाही विचार करावयास हवा. जानेवारीत फरीदाबादेत धुके दाटते, रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, आणि पिल्लू थंड फरशीवर पाऊल टेकवायला तयार होत नाही. त्या दिवसांत अंगावर उबदार कपडा घालून, विधी होताच आत आणावे. मे-जूनमध्ये उलट परिस्थिती असते. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात-आठ सेकंद ठेववत नसेल, तर तो रस्ता पिल्लाच्या तळव्यांना भाजणारच. म्हणून सूर्योदयापूर्वी आणि रात्री उशिरा बाहेर न्यावे. उंच इमारतीत आणखी एक अडचण येते: लिफ्टची वाट पाहताना पिल्लाला धीर धरवत नाही. त्याला दारापासून खाली गवतापर्यंत उचलूनच न्यावे. उचललेले पिल्लू सहसा विधी करीत नाही.

बाहेर पडल्यावर प्रश्न केवळ आपला राहत नाही. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या शहरांत कुत्र्यांवरून किती तीव्र वाद होतात, हे ऑगस्ट २०२५ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम व फरीदाबाद येथील भटकी कुत्री पकडून आश्रयस्थानी ठेवण्याचा आदेश दिला, आणि २२ तारखेला तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. अशा तापलेल्या वातावरणात पाळीव कुत्र्याच्या धन्याने अधिकच जबाबदारीने वागले पाहिजे. भारतीय प्राणी कल्याण मंडळ १९६२ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाले. एके काळी चेन्नईत असलेले त्याचे मुख्यालय आता फरीदाबाद जिल्ह्यातच, बल्लभगडजवळच्या सीकरी गावी आहे. या मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहसंस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण हक्काचा कागद शेजाऱ्याच्या नाकापुढे धरण्यापेक्षा खिशात एक पिशवी ठेवावी आणि आपल्या कुत्र्याची घाण आपणच उचलावी. त्याने निम्मी भांडणे मिटतात.

एवढे करूनही कधी वळण मोडते. नीट सवय लागलेले पिल्लू एकाएकी घरात वारंवार लघवी करू लागले, जोर करू लागले, किंवा लघवीत रक्त दिसले, तर तो खोडसाळपणा नसून आजार असू शकतो. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला जुलाब, वांत्या आणि मरगळ एकदम आली, तर घरगुती उपायांत एक तासही न दवडता पशुवैद्य गाठावा. सहा महिन्यांच्या पुढे नर पिल्लू पाय वर करून कोपरे ओले करू लागते, ती हद्द आखण्याची प्रवृत्ती असते; निर्बीजीकरणाने ती पुष्कळदा कमी होते.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण आपल्याकडे आहे. शेपटापुरती ती खरी असेल. कुत्र्याच्या बाबतीत नाही. चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत बहुतेक पिल्लांना चांगले वळण लागते. छोट्या जातींतील काहींना वर्षही लागते. या काळात पहाटे पाचला उठणे, ठरल्या वेळी वाटी मांडणे, घरातील सर्वांनी एकच शब्द वापरणे आणि चुकीवर न रागावणे, एवढे घरातील माणसांना शिकावे लागते. पिल्लू आणण्याचा विचार असेल, तर या चार गोष्टी आपल्या घरात वर्षभर निभतील काय, हे सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. उत्तर 'होय' असेल, तरच त्याला घरी आणावे.